‘नव्वद नंबर’चा डबा आणि गिअरबॉक्स: ऑइलच्या निवडीमागची पार्श्वभूमी

सोलापुरात जुना पुणे नाका असो की होटगी रोड, मिस्त्रीने पोराला ऑइलच्या दुकानात पिटाळलं की निरोप ठरलेला: “नव्वद नंबर दोन लिटर आण.” गाडी कुठली, कुठल्या सालची, इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते की मागच्या, यातलं काही त्या निरोपात नसतं. दुकानदारही विचारत नाही. डबा येतो, गिअरबॉक्समध्ये रिकामा होतो आणि गाडी चालू लागते. नुकसान झालं तरी ते त्या दिवशी दिसत नाही. पुढे कधीतरी तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना खर्रकन आवाज होतो, लिव्हर अडल्यासारखा वाटतो, आणि मग शिव्या क्लचला पडतात.

नव्वद हा नुसता जाडीचा आकडा आहे. त्या ऑइलात कोणतं रसायन किती मिसळलंय, हे तो सांगत नाही. आणि आजच्या कारच्या गिअरबॉक्सचं बरंवाईट ठरतं ते मुख्यतः त्या रसायनावर. आपण जाडी विचारतो आणि रसायन विचारत नाही, ही सवय एका दिवसात लागलेली नाही.

सुरुवातीला विचारण्यासारखं काही नव्हतंच. फ्रान्सच्या पानहार-लव्हासोर कंपनीने १८९१ च्या सुमारास सरकत्या गिअरची जी रचना रूढ केली, तिच्यात सरळ दात्यांची चाकं एकमेकांत ढकलून बसवायची असत. दाते जाड, वेग कमी. त्यांना ग्रीस चाले, चरबी चाले, कुठलंही जाड तेल चाले. फोर्डच्या १९२७ ते १९३१ या काळातल्या मॉडेल ए गाडीच्या गिअरबॉक्समध्ये तर ‘६०० डब्ल्यू’ नावाचं ऑइल पडत असे. ते मुळात वाफेच्या इंजिनाच्या सिलिंडरसाठी बनवलेलं, काकवीसारखं दाट.

सोलापूरला या जातीच्या तेलाचं अप्रूप वाटायचं कारण नव्हतं. १८७७ साली इथे जुनी मिल सुरू झाली, पाठोपाठ आणखी गिरण्या आल्या आणि वाफेवरच्या इंजिनांबरोबर त्यांची तेलंही आली. गिरणीतल्या तेलवाल्याला कामाप्रमाणे तेल बदलतं हे पक्कं ठाऊक असे. भन्नाट फिरणाऱ्या, पण अंगावर फारसा भार नसलेल्या चात्यांना पाण्यासारखं पातळ स्पिंडल ऑइल. वाफेच्या सिलिंडरला जाड सिलिंडर ऑइल. हे तेल त्या जागी घातलं तर मिल बंद पडायची. ज्या गावात हे शहाणपण रोजच्या पाळीत मुरलेलं होतं, त्याच गावात मोटारीच्या बाबतीत सगळ्याला एकच डबा कसा चालू लागला, याचं मला नवल वाटतं.

नंबरांची पद्धत अमेरिकेतल्या सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्सची. इंजिन ऑइलचे नंबर साठपर्यंत आणि गिअर ऑइलचे सत्तर-ऐंशीच्या पुढे, ही फारकत मुद्दाम ठेवलेली आहे, म्हणजे एकाचा डबा दुसऱ्याच्या जागी जाऊ नये. पण त्यातून एक गैरसमज जन्मला तो आजही मेला नाही: नव्वद म्हणजे चाळीसच्या दुपटीहून जाड. प्रत्यक्षात १०० अंश सेल्सिअसला मोजलं तर इंजिनाचं ४० नंबर १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या (दाटपणाचं एकक) दरम्यान येतं आणि गिअरचं ९० नंबर १३.५ ते १८.५ च्या. म्हणजे दोघं जवळपास एकाच जाडीची! पट्ट्या दोन वेगळ्या, एवढंच.

गिअरबॉक्सला खरोखर नखरे आले ते १९२८ साली. कॅडिलॅकने अर्ल थॉम्पसन या अभियंत्याने तयार केलेली सिंक्रोमेशची यंत्रणा बाजारात आणली. त्याआधी गिअर बदलायचा म्हणजे डबल क्लच (मध्ये न्यूट्रलला येऊन दोनदा क्लच) मारायचा, कानाने इंजिनचा सूर धरायचा आणि मग लिव्हर ढकलायचा. जुन्या ट्रकवर हात बसलेल्या ड्रायव्हरांना हे अजून सांगावं लागत नाही. सिंक्रोने ते काम एका रिंगेवर सोपवलं.

ही रिंग हातात घेऊन पाहण्यासारखी असते. बहुतेकदा पितळेची, बांगडीएवढी. बाहेरच्या कडेला बारीक टोकदार दाते आणि आतल्या उतरत्या बाजूवर नखाला जाणवतील अशा बारीक खाचा. गिअर टाकताना ही रिंग पोलादी कोनावर दाबली जाते. खाचा मधला ऑइलचा पापुद्रा कापून बाजूला सारतात, पितळ पोलादाला धरतं, दोघांचा वेग जुळतो आणि मगच गिअर जोडणारा स्लीव्ह पुढे सरकतो. हे सगळं क्षणभरात होतं. इथे ऑइलकडून उलटीच अपेक्षा आहे. बाकी सगळीकडे त्याने निसटतं राहावं, पण या रिंगेच्या आत थोडी पकड मिळू द्यावी. ऑइल फारच गुळगुळीत असलं तर रिंग कोनावर घसरत राहते आणि वेग जुळायच्या आत दाते दातांवर आपटतात. तोच तो खर्रकन आवाज. ऑइल फार जाड असलं तर पापुद्रा वेळेवर कापला जात नाही. सकाळी पहिल्या एक-दोन किलोमीटरमध्ये दुसरा गिअर अडतो आणि गाडी तापली की सुरळीत पडतो, त्याचं कारण पुष्कळदा हेच.

याच सुमारास गाडीच्या दुसऱ्या टोकाला वेगळीच भानगड चालू होती. १९२६ मध्ये पॅकार्डने मागच्या अॅक्सलला हायपॉइड गिअर बसवले. त्यांत पिनियन (ताकद आणणारं लहान दातेरी चाक) क्राउनच्या (त्याने फिरणाऱ्या मोठ्या दातेरी चाकाच्या) मध्यावर न बसता खाली बसतो, त्यामुळे ताकद मागे नेणारा प्रोपेलर शाफ्ट खाली जातो आणि गाडीचा तळ बुटका करता येतो. दिसायला गाडी झकास झाली, पण ऑइलची परीक्षा सुरू झाली. हायपॉइडचे दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, प्रचंड दाबाखाली लांबवर घसरतात. साध्या खनिज तेलाचा थर तिथे फाटतो आणि धातू धातूला चिकटून ओरबाडला जातो. म्हणून तेलात गंधक आणि शिशाचे साबण मिसळायला सुरुवात झाली. पुढे गंधक-क्लोरीन आलं, आणि शेवटी गंधक-फॉस्फरस, जे आजही वापरात आहे. दाब आणि उष्णता वाढली की ही रसायनं पोलादाच्या पृष्ठभागाशी संयोग पावतात आणि तिथे एक बळी देण्याजोगा थर तयार करतात. झिजायचं ते तो थर झिजतो, दाता वाचतो. गिअर ऑइलचा डबा उघडल्यावर नाकात शिरणारा सडक्या लसणासारखा वास या गंधकाचाच. तो वास अंगातल्या शर्टाला लागला की दोन धुण्यांत जात नाही.

दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतर अमेरिकन सैन्याने या तेलांचे दंडक ठरवले, कारण जीप आणि ट्रक वाळवंटापासून बर्फापर्यंत एकाच पुरवठ्यावर चालवायचे होते. एमआयएल-एल-२१०५ हा त्यातला गाजलेला दंडक आणि १९६२ चा ‘२१०५ बी’ हा त्याहून कडक. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने जीएल-१ पासून जीएल-६ पर्यंतची जी उतरंड लावली, तिच्यातली जीएल-४ ही पायरी ढोबळमानाने पहिल्या दंडकाशी जुळते आणि जीएल-५ दुसऱ्याशी. गाडीसाठी आज खरा प्रश्न या दोघांतच आहे. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची मात्रा साधारण दुप्पट धरली जाते.

पाच हा चारपेक्षा मोठा, म्हणून जीएल-५ म्हणजे वरच्या दर्जाचं, असा दुकानातला युक्तिवाद असतो. ते साफ चूक. या पायऱ्या दर्जाच्या नाहीत, कामाच्या आहेत. जीएल-५ हायपॉइड अॅक्सलसाठी आहे. सिंक्रोच्या रिंगेचं काय होईल याची काळजी वाहणं हे त्याचं कामच नाही.

उलट बाजूला, “जीएल-५ टाकलं की पितळ विरघळतं” असं छातीठोक सांगणारेही भेटतात. तेही अर्धसत्य आहे. सक्रिय गंधक तापलेल्या तांब्या-पितळेवर चढतं आणि रिंग काळी पडते, हे खरं. पण आताच्या बऱ्याच ऑइलांत धातूला सांभाळणारी रसायनंही असतात. माझ्या मते रोजच्या वापरात जास्त नडते ती घसरण. रिंग शाबूत असते, फक्त ती धरत नाही. आणि काही गाड्यांना जीएल-५ च लागतं: सुबारूच्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये पुढचा हायपॉइड डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरसंच) त्याच ऑइलात बुडालेला असतो, म्हणून कंपनी जीएल-५ सांगते आणि सिंक्रो त्या हिशेबाने बनवते.

आता आपल्याकडे येऊ. जीप, अॅम्बेसेडर, फियाट आणि तिचीच पुढे झालेली प्रीमियर पद्मिनी या सगळ्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या. गिअरबॉक्स पुढे, हाउसिंग (मागच्या अॅक्सलचा डिफरन्शियल असलेला भाग) मागे, दोन्हींचं ऑइल वेगळं. जुन्या अॅम्बेसेडर आणि फियाटच्या पहिल्या गिअरला सिंक्रोही नव्हता. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायचा नाही, हा धडा शिकाऊ ड्रायव्हरला पहिल्याच दिवशी मिळे. मग अक्कलकोट, बार्शी, मंगळवेढ्याच्या रस्त्यांवर वडाप जीपगाड्यांचं राज्य आलं. दाटीवाटीने भरलेली माणसं, टपावर बोचकी, आणि मिस्त्रीकडे एकच मोठा डबा. हाउसिंगला नव्वद लागतं, मग गिअरबॉक्सलाही तेच. त्या जाडजूड गिअरबॉक्सांनी ते सोसलं. सवय तिथे पक्की झाली आणि तिच्यात त्या वेळी काही वावगंही नव्हतं.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि रचनाच बदलली. इंजिन आडवं, पुढची चाकं ओढणारी, डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात. इंजिन आडवं असल्यामुळे ताकद काटकोनात वळवायची गरज उरली नाही, म्हणून शेवटची जोडी हायपॉइड न राहता साध्या तिरक्या दात्यांची झाली. जीएल-५ ज्या कामासाठी जन्मलं ते कामच या गाडीत नाही! मागे हाउसिंग नाही, आत सिंक्रो मात्र आहेत. आजच्या बहुसंख्य लहान गाड्यांची रचना हीच आहे आणि त्यांच्या पुस्तकांत बहुधा जीएल-४ लिहिलेलं असतं. तो डबा मात्र अजून जीपच्या काळातला.

इथे सोलापूरचं ऊन मध्ये येतं. मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेला की “आपल्याकडं पातळ ऑइल टिकत नाही, जाडच टाका” हा सल्ला मिळतो. ७५डब्ल्यू-९०, ८०डब्ल्यू-९० आणि ८५डब्ल्यू-९० या तिघांकडे बघा. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा: ७५ ची परीक्षा उणे ४० अंशांना होते, ८० ची उणे २६ ला, ८५ ची उणे १२ ला. डब्ल्यूच्या नंतरचा आकडा तापलेल्या ऑइलचा, आणि तो तिघांचाही नव्वदच. म्हणजे उन्हाचं कारण देऊन ७५ सोडून ८५ घेण्यात काही मिळत नाही. उणे ४० सोलापूरला लागत नसलं तरी थंड गिअरबॉक्समध्ये पातळ राहणारं ऑइल सकाळचा दुसरा गिअर सोपा करतं. फरक पडतो तो ७५डब्ल्यू-८० किंवा ७५डब्ल्यू-८५ लिहिलं असेल तिथे. मायलेजसाठी कंपन्या हल्ली ऑइल पातळ करत चालल्या आहेत, हे खरंच. तरी त्या गिअरबॉक्सची बेअरिंगं, ऑइल उडवायच्या वाटा आणि सिंक्रो त्याच जाडीवर तपासलेले असतात. पुस्तकात दोन ग्रेड दिले असतील तर इथल्या हवेला त्यातला जाड घ्यावा. पुस्तकाच्या बाहेर जाऊन १४० नंबर ओतायला ऊन हे कारण पुरत नाही.

गिअरबॉक्सला गिअर ऑइलच लागतं, हेही सार्वकालिक सत्य नाही. १९५९ च्या ब्रिटिश मिनीत गिअरबॉक्स इंजिनाच्या संपमध्येच (खालच्या ऑइलच्या टाकीत) बसवलेला होता, दोघांना एकच इंजिन ऑइल. होंडाच्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये कित्येक वर्षं इंजिन ऑइल पडायचं, नंतर कंपनीने स्वतःचं एमटीएफ (मॅन्युअल गिअरबॉक्सचं खास ऑइल) आणलं. अमेरिकेत बोर्ग-वॉर्नरच्या टी-५ या पाच गिअरच्या मॅन्युअल बॉक्समध्ये ऑटोमॅटिकचं लाल डेक्स्रॉन ऑइल चालतं. त्या बॉक्समध्ये कोणी प्रेमाने जाड नव्वद ओतलं तर गिअर पडणं मुश्किल.

अलीकडचा गोंधळ एएमटीचा, म्हणजे यंत्राने आपोआप गिअर बदलणाऱ्या मॅन्युअल गिअरबॉक्सचा. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर हा प्रकार आपल्याकडच्या स्वस्त गाड्यांत आला. क्लचचं पेडल नाही म्हणून लोक तिला ऑटोमॅटिक म्हणतात, आणि मग एखादा मिस्त्री एटीएफचा (ऑटोमॅटिकच्या ऑइलचा) डबा उघडतो. पण आतला गिअरबॉक्स मॅन्युअलचाच आहे, त्याच शाफ्ट, त्याच सिंक्रो रिंगा. फक्त क्लच दाबणारा पाय आणि लिव्हर हलवणारा हात यंत्राचा आहे. गिअरबॉक्समध्ये मॅन्युअलचंच ऑइल पडतं. ज्या एएमटीत क्लच आणि गिअर हायड्रॉलिकवर हलतात, तिथे त्या युनिटचं ऑइल वेगळं आणि टाकीही वेगळी असते. सर्व्हिसच्या बिलावर नुसतं ‘गिअर ऑइल’ लिहिलेलं असलं, तर दोनपैकी कुठलं बदललं आणि डब्यावर ग्रेड काय होता, हे गाडी ताब्यात घेण्याआधी विचारून घ्यावं.