जॅकपॉटची संभाव्यता

लॉटरीच्या सोडतीतले सर्वांत मोठे बक्षीस एका तिकिटाला लागण्याची गणिती शक्यता. आकडे निवडायच्या लॉटरीत ती काढण्यासाठी निकाल एकूण किती प्रकारांनी लागू शकतो, एवढेच मोजावे लागते.

ब्रिटनची राष्ट्रीय लॉटरी १९९४ मध्ये सुरू झाली, तेव्हा १ ते ४९ मधून सहा आकडे निवडायचे असत. पहिला चेंडू ४९ प्रकारांनी निघू शकतो, दुसरा ४८, आणि असे करत सहावा ४४ प्रकारांनी. या सहा संख्यांचा गुणाकार १०,०६,८३,४७,५२० येतो. मात्र चेंडू कोणत्या क्रमाने निघाले याला तिकिटाच्या लेखी महत्त्व नसते, आणि तेच सहा आकडे ७२० क्रमांनी मांडता येतात. म्हणून ७२० ने भागायचे. उत्तर १,३९,८३,८१६. एका तिकिटाची संभाव्यता इतक्यात एक.

ही रीत आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) उतरत्या संख्यांना चढत्या संख्यांनी क्रमाने भागून गुणत जाण्याचा नियम दिला असून, सहा रस एकेक, दोन-दोन असे सहापर्यंत एकत्र घेतले तर एकूण ६३ प्रकार होतात हे त्याचे उदाहरण आहे. सहा रसांच्या जागी ४९ चेंडू घेतले, तरी नियम तोच राहतो.

‘लागेल किंवा लागणार नाही, म्हणजे निम्मी शक्यता’ हा हिशेब सर्रास ऐकू येतो, आणि तो साफ चुकीचा आहे. दोनच शक्यता आहेत म्हणून त्या सारख्या वजनाच्या ठरत नाहीत. वरच्या लॉटरीत दर आठवड्याला एक तिकीट घेतले, तर १,३९,८३,८१६ तिकिटे व्हायला सुमारे २,६८,९२० वर्षे लागतात. आणि तेवढे करूनही निदान एकदा जॅकपॉट लागण्याची संभाव्यता ६३ टक्क्यांच्या आसपासच असते, कारण प्रत्येक सोडत स्वतंत्र असते. मागच्या निकालांचे तक्ते मांडून ‘बरेच दिवस न आलेला’ आकडा शोधणे त्यामुळेच व्यर्थ. चेंडूंना काही आठवत नाही. १, २, ३, ४, ५, ६ हा संच इतर कोणत्याही संचाइतकाच संभाव्य असतो.

आकड्यांच्या निवडीने फरक पडतो तो वाट्यात. १४ जानेवारी १९९५ च्या ब्रिटिश सोडतीत ७, १७, २३, ३२, ३८, ४२ हे आकडे आले आणि जॅकपॉटला १३३ वाटेकरी निघाले. १ कोटी ६० लाख पौंडांहून मोठ्या रकमेतून प्रत्येकाच्या हाती १,२२,५१० पौंड पडले. अनेक जण वाढदिवसाच्या तारखा लावतात, त्यामुळे ३१ पर्यंतच्या आकड्यांवरही अशीच गर्दी होते.

चेंडू थोडे वाढवले तरी संभाव्यता झपाट्याने घसरते. ऑक्टोबर २०१५ मध्ये ब्रिटनने ४९ चे ५९ केले, तेव्हा संचांची संख्या ४,५०,५७,४७४ झाली: दहा चेंडूंनी तिपटीहून अधिक. त्याच महिन्यापासून अमेरिकेच्या पॉवरबॉलमध्ये ६९ पैकी पाच पांढरे आणि वेगळ्या २६ पैकी एक लाल चेंडू आला. पांढऱ्यांचे १,१२,३८,५१३ संच गुणिले २६, म्हणजे २९,२२,०१,३३८.

१९६९ पासून चालणाऱ्या महाराष्ट्र राज्य लॉटरीच्या छापील तिकिटाला हे सूत्र लागत नाही. तिथे मालिका आणि क्रमांक तिकिटावर आधीच छापलेला असतो. म्हणून एकच पहिले बक्षीस असलेल्या सोडतीत जितकी तिकिटे धरलेली असतील, तितक्यांत एक हीच संभाव्यता.