‘बरोडा’ म्हणताना शेवटचा ‘डा’ कुठे जातो?

दांडिया बाजारातल्या मराठी घरांत हे शहर बडोदे, सरकारी पाटीवर वडोदरा आणि जुन्या इंग्रजी कागदांत बरोडा. हे तिसरं नाव इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाच्या तोंडून ऐकलं, तर कानावर येतं ‘बरोऽड’. ‘रो’ ताणलेला, आणि शेवटचा ‘डा’ आखडून जवळजवळ ‘ड’ झालेला.

वृत्तातले गण ओळखायचं यमाताराजभानसलगा हे सूत्र पाठ असलेल्यांना हा फरक लगेच कळेल. बडोदे म्हणजे यमाता, लघु-गुरू-गुरू. ‘बरोऽड’ म्हणजे जभान, लघु-गुरू-लघु. वृत्तात आपण मोजतो ते अक्षर आणि इंग्रजीतला सिलॅबल ही जवळपास एकच गोष्ट आहे: एक स्वर आणि त्याला धरून राहणारी व्यंजनं. पण मराठीत ‘दे’ शब्दात कुठेही आला तरी ‘दे’च राहतो. इंग्रजीत स्वर स्वच्छ उमटणार की पुसट होणार, हे बऱ्याच अंशी आघात, म्हणजे शब्दातल्या एका सिलॅबलला मिळणारा ठसा (स्ट्रेस), कुठे पडला यावर ठरतं. आघात नसलेला स्वर बहुतेकदा ‘कमळ’मधल्या ‘क’च्या अकारासारखा, त्याहूनही ओझरता होतो.

आघात म्हणजे जोरात बोलणं, असा सार्वत्रिक समज आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या डेनिस फ्राय यांनी १९५५ आणि १९५८ साली छापलेल्या प्रयोगांत यंत्राने तयार केलेले शब्द लोकांना ऐकवले आणि आवाजाची लांबी, मोठेपणा, उंची (पिच) एकेक करून बदलली. आघात कुठे आहे हे ठरवताना ऐकणारे मोठेपणापेक्षा लांबीवर आणि स्वराच्या उंचीवर जास्त विसंबले. म्हणून ओरडू नका, ताणा. अंगठ्यांत रबरबँड अडकवून शब्द म्हणा आणि आघाताच्या जागी तो खेचा; बाकीच्या ठिकाणी तो सैलच राहिला पाहिजे. मराठी माणसाला ताणणं लगेच जमतं. सैल सोडणं जमत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे.

कमाटी बागेतलं म्युझियम घ्या. आपण ‘म्यू’वर रेलतो. इंग्रजीत सिलॅबल तीन आणि आघात दुसऱ्यावर: म्यु-झीऽ-अम. ‘डेव्हलप’चंही तसंच, डि-व्हेऽ-लप, आपण ‘डेव्ह’वर जोर देऊन मधला सिलॅबल गिळतो. हॉटेल आणि पोलिस या दोन्हींत आघात शेवटी येतो. ‘कम्फर्टेबल’मध्ये तर आपण चक्क टेबल मांडतो. तो सरळ तीन सिलॅबलचा कम्फ्-ट-बल आहे, आघात पहिल्यावर.

सिलॅबल मोजायला हनुवटीखाली तळहात धरा. दर स्वराला जबडा खाली येतो, तेवढे सिलॅबल. बनानाला तीन झटके लागतात. ‘बटन’ आणि ‘बॉटल’ला मात्र ही युक्ती फसते, कारण तिथे दुसऱ्या सिलॅबलमध्ये ‘न’ किंवा ‘ल’ हे व्यंजनच स्वराची जागा घेतं आणि जबडा हलत नाही. उलट चूकही होते. ‘फिल्म’ एका सिलॅबलचा आहे, त्याचं ‘फिलम’ केलं की दोन होतात. भूतकाळाच्या ‘एड’ने नवा सिलॅबल फक्त ट किंवा ड या ध्वनीनंतर येतो: वॉन्टिड दोन, पण वॉक्ट एकच.

आघाताची जागा पाठ करायची म्हटलं तर कठीण, पण शब्दाची शेपटी बरंच सांगून जाते. ‘शन’, ‘इक’ आणि ‘इटी’ या शेपट्यांच्या लगेच आधीच्या सिलॅबलवर आघात बसतो. एज्युकेशनमध्ये ‘के’वर, युनिव्हर्सिटीमध्ये ‘व्हर’वर. त्यामुळे एकाच घराण्यातल्या शब्दांत आघात जागा बदलतो आणि स्वरांनाही हलवतो. फोटोग्राफमध्ये पहिला ‘फो’ भरदार आणि दुसरा ‘ट’ पुसट. फोटोग्राफर म्हणताना पहिला ‘फ’ आखडतो आणि ‘टॉ’ ताणला जातो: फ-टॉऽ-ग्र-फर. फोटोग्राफिकमध्ये आघात ‘ग्रॅ’वर सरकतो. हे तीन शब्द ओळीने दहा वेळा म्हटले, तर नियम जिभेला कळतो. अपवाद आहेतच, पॉलिटिक्समध्ये आघात पहिल्यावर राहतो.

काही जोड्यांत आघात अर्थही बदलतो. नाम असेल तर रेऽकड, क्रियापद असेल तर रिकॉऽर्ड. प्रेझेंटचंही तसंच. पण सगळ्या दोन-सिलॅबली शब्दांना हे लावू नका. ‘रिपोर्ट’ नाम असो की क्रियापद, आघात दुसऱ्यावरच.

शब्दकोशात उच्चार पाहताना वर एक छोटी उभी रेघ दिसते. हल्लीच्या बहुतेक शब्दकोशांत ती आघाताच्या सिलॅबलच्या आधी असते. ती नंतरची समजली की प्रत्येक शब्द चुकतो. खाली लावलेली तशीच रेघ दुय्यम आघाताची. आणि दोन शब्दकोश वेगळं सांगत असतील तर घाबरू नका: लॅबोरेटरीत ब्रिटिश माणूस दुसऱ्या सिलॅबलवर आघात देतो, अमेरिकन पहिल्यावर.