नमुना कुणाचा, लस कुणाची? महामारी कराराची पार्श्वभूमी

जिनिव्हात २० मे २०२५ रोजी जागतिक आरोग्य संघटनेचा महामारी करार मंजूर झाला. आदल्या दिवशीच्या मतदानात १२४ देश बाजूने होते, ११ तटस्थ राहिले, विरोधात एकही नव्हता. तरीही ज्या मुद्द्यावर वाटाघाटी सर्वांत जास्त अडल्या, तो परिशिष्टासाठी बाजूला ठेवला गेला. साथीच्या विषाणूचा नमुना जो देश देईल, त्याला बदल्यात काय मिळणार? कोल्हापूरला हा वाद लांबचा नाही. चंदगडकडून तिलारी घाट उतरला की दोडामार्ग लागतं आणि तिथे २०१६ पासून माकडताप आहे. या वादाची आपल्याकडची मुळं त्याच तापात सापडतात.

त्याआधीचा, म्हणजे साथरोगांवरच्या १८५१ च्या पॅरिस परिषदेपासूनचा इतिहास बहुतांशी जहाजं किती दिवस बंदरात अडवायची, याच्या भांडणांचा आहे. करवीर संस्थानातल्या प्लेगच्या छावण्यांबद्दल इथल्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

पुण्यात १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र उभं राहिलं, ते एका अमेरिकन प्रतिष्ठानाच्या मदतीने. पाच वर्षांनी शिमोगा जिल्ह्यातल्या जंगलात माकडं मरू लागली, पाठोपाठ माणसं तापाने फणफणू लागली. पुण्याहून गेलेल्या पथकाला पहिली शंका आली पीतज्वराची. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतला हा रोग आशियात कधी रुजलेला नाही. तो पसरवणारा डास इथे आहे, माकडंही आहेत, त्यामुळे भीती खरीच होती. प्रत्यक्षात निघाला गोचिडांतून पसरणारा नवाच विषाणू, रशियातल्या एका मेंदूज्वराच्या विषाणूचा भाऊबंद. हाच तो माकडताप. अमेरिकन लष्करी प्रयोगशाळेत तयार झालेली त्या रशियन रोगावरची लस इथे टोचून पाहिली, ती लागू पडली नाही.

पण रशियाचा भाऊबंद शिमोग्यात आला कसा? स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडांतून तर नव्हे? या अंदाजापायी मुंबईतल्या एका निसर्ग-अभ्यासक संस्थेने पक्षी पकडून पायात वाळे घालण्याचं मोठं काम हाती घेतलं. आधी जागतिक आरोग्य संघटनेची मदत होती, मग अमेरिकन लष्कराचा पैसा आला. संशोधनाच्या दृष्टीने काम चोख होतं, पैशाचा उगम मात्र पुढे चांगलाच महागात पडला.

खरा भडका उडाला दिल्लीतल्या दुसऱ्याच एका प्रकल्पावरून. डासांचे नर वंध्य करून सोडायचे, म्हणजे माद्यांची अंडी फुकट जातील आणि फवारणीशिवाय डास घटतील, अशी ती योजना. नर चावत नाहीत, त्यामुळे लोकांना त्रास नव्हता. काम १९७० च्या सुमारास सुरू झालं. खर्च भागायचा तो रेशनवर आलेल्या अमेरिकन गव्हाच्या, सरकारजमा झालेल्या रुपयांतून. हरियाणातल्या सोनिपत शहरात हे नर सोडायचे ठरले होते. १९७४ मध्ये वर्तमानपत्रांनी प्रश्न विचारला: देशाला छळतो मलेरिया, मग पीतज्वर पसरवणाऱ्या डासावर एवढा भर का? हा डास शहरात किती लांब उडतो, कुठे अंडी घालतो, ही माहिती उद्या जैविक युद्धात कुणाच्या कामी येईल? संसदेच्या एका समितीने एप्रिल १९७५ च्या अहवालात डासांचा प्रकल्प आणि पक्ष्यांचा अभ्यास, दोन्हींवर कडक ताशेरे ओढले. सोनिपतचा प्रयोग ऐन वेळी थांबला, पुढे प्रकल्पच गुंडाळला गेला.

समितीचा प्रश्न रास्त होता, हे आधी मान्य करायला हवं. परदेशी लष्कराचा पैसा, माहितीचा वापर कोण करणार याचा करारात पत्ता नाही, आणि आपल्या खात्यांची त्यावर पुरेशी नजर नाही: कुणाही जागरूक खासदाराने हेच विचारलं असतं. पण बळी गेला तो कामाचा. पीतज्वराचा म्हणून बदनाम झालेला तो डास डेंग्यूचाही आहे. १९९६ च्या दिल्लीतल्या साथीत चारशेहून अधिक माणसं दगावली. आज कोल्हापुरात पावसाळा लागला की महापालिकेची माणसं घरोघरी पाण्याच्या टाक्या आणि फ्रिजमागचे ट्रे तपासत फिरतात, ती याच डासासाठी.

गंमत अशी की अहवाल आला त्याच्या पुढच्याच महिन्यात, मे १९७५ मध्ये, देशातल्या देवीच्या शेवटच्या रुग्णाची नोंद झाली. त्या मोहिमेत शीतयुद्ध ऐन भरात असताना रशियाने लस दिली होती आणि अमेरिकन डॉक्टर बिहारच्या खेड्यांतून हिंडले होते. त्यावरून असा भडका उडाला नाही. देवीत नमुन्यावरून ओढाताण नव्हती आणि लस बनवायचं तंत्र कुणाच्या तिजोरीत नव्हतं.

पुढचं सगळं या ओढाताणीचंच आहे. इंडोनेशियाने २००७ च्या सुरुवातीला बर्ड फ्लूचे नमुने देणं थांबवलं, कारण त्यांवरून परदेशी कंपनी लस करणार आणि ती इंडोनेशियालाच विकत घ्यावी लागणार. जगाने आधी नाकं मुरडली, मग २०११ मध्ये फ्लूपुरती देवाणघेवाणीची चौकट मान्य केली. वटवाघळांवरचा नागालँडमधला अभ्यास २०१९ मध्ये छापून आला. पैसा अमेरिकन संरक्षण खात्याचा, लेखकांत वुहानच्या प्रयोगशाळेतले दोघे. नमुने देशाबाहेर गेले नाहीत असं भारतीय संस्थेने सांगितलं, तरी चौकशी लागलीच. सोनिपतची आठवण होणं साहजिक होतं.

मग कोविड. विषाणूची जनुकीय माहिती जानेवारी २०२० मध्येच जगापुढे आली, लस मात्र ज्याच्याकडे पैसा त्याने आधी उचलली. पुण्यात तयार होणाऱ्या डोसांची निर्यात २०२१ च्या वसंतात आपणही रोखली, आणि तरी कोल्हापुरातल्या केंद्रांवर ‘लस संपली’चे फलक लागत होते. राज्यात इतरत्र लाट ओसरली तरी जून-जुलैपर्यंत इथले आकडे खाली यायला तयार नव्हते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेने ओमायक्रॉनची खबर तत्परतेने दिली, तर तिच्या वाट्याला आली विमानबंदी.

करारातलं उत्तर आकड्यांत आहे. साथ आली की सहभागी कंपन्यांनी उत्पादनाचा २० टक्के हिस्सा जागतिक संघटनेला उपलब्ध करून द्यायचा, त्यातला निम्मा तरी फुकट. उरलेला किती दराने, आणि नमुना देताना नेमकं काय लिहून घ्यायचं, हे परिशिष्टावर सोडलं आहे. ते मंजूर झाल्याशिवाय करार सह्यांसाठी खुला होत नाही, आणि लागू व्हायला त्यानंतर ६० देशांची अधिकृत मान्यता लागते.