शाळेच्या भिंतीवरचे चार शब्द: ब्रिटिश मूल्यं नक्की आली कुठून?

माझी बहीण लंडनला राहते. मागच्या वेळी गेलो तेव्हा भाचीला आणायला तिच्या प्रायमरी शाळेत गेलो होतो, तर ऑफिसच्या दाराशेजारी निळ्या कागदाचा एक बोर्ड, वर युनियन जॅक, आणि खाली लॅमिनेट केलेले चार कागद: लोकशाही, कायद्याचं राज्य, व्यक्तिस्वातंत्र्य, आणि वेगळ्या धर्माच्या, वेगळ्या श्रद्धेच्या लोकांबद्दल आदर आणि सहिष्णुता. लोकशाहीच्या कागदाखाली मुलांनी स्कूल कौन्सिलच्या निवडणुकीतल्या आपापल्या मतपत्रिका चिकटवल्या होत्या, एकीवर स्केचपेनने फुल्या मारून खाडाखोड केलेली. भाची आठ वर्षांची आहे, हे चार शब्द तिला पाढ्यासारखे पाठ. तिने विचारलं, मामा, इंडियात पण ब्रिटिश व्हॅल्यूज असतात का? मला तिथे उभ्या उभ्या काही सांगता आलं नाही. मग घरी येऊन वाचत गेलो, त्यातून जे समजलं ते इथे लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे ही चार मूल्यांची यादी खूप जुनी असेल असं वाटतं, पण ती आहे २०११ ची. आणि ती कुठल्या राज्यघटनेत किंवा शिक्षणाच्या धोरणात पहिल्यांदा आली नाही, आली ती दहशतवाद रोखण्यासाठीच्या 'प्रिव्हेंट' नावाच्या सरकारी धोरणात. तिथे 'अतिरेकीपणा म्हणजे काय' याची व्याख्या करायची होती, तर लिहिलं की मूलभूत ब्रिटिश मूल्यांना बोलून किंवा कृतीतून केलेला विरोध म्हणजे अतिरेकीपणा, आणि मग ती मूल्यं कोणती हे सांगायला हे चार शब्द. म्हणजे आधी विरोधक ठरला आणि त्याच्या व्याख्येत मूल्यं बसवली गेली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं कारण आपण देशाची मूल्यं म्हणतो तेव्हा आपल्याला वाटतं की लोकांनी बसून, वाद घालून, काहीतरी एकत्र ठरवलं असेल, इथे तसं झालं नाही.

पुढे २०१२ पासून शिक्षकांच्या नियमांत आलं की या मूल्यांना धक्का लागेल असं वागायचं नाही. मग बर्मिंगहॅमचं प्रकरण झालं. एक निनावी पत्र २०१४ च्या मार्चमध्ये पेपरात गाजलं, काही शाळा कट्टर मुस्लिम गटाच्या ताब्यात घेण्याचा कट आहे असं त्यात होतं, ते पत्र बनावट असावं असंच बहुतेकांचं मत पडलं, पण चौकश्या लागल्या आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरकारने इंग्लंडमधल्या शाळांना सांगितलं की आता धक्का न लावणं पुरेसं नाही, या मूल्यांचा सक्रिय प्रसार करा. भाचीच्या शाळेतला बोर्ड तिथून आला. आणि त्या बर्मिंगहॅमच्या शाळांमधल्या वरिष्ठ शिक्षकांवरची शिस्तभंगाची मुख्य केस २०१७ मध्ये बंद झाली, कारण बचाव पक्षाला द्यायला हवे होते ते कागद दिलेच गेले नव्हते. कायद्याचं राज्य शिकवायचं तर हा भागही मुलांना शिकवायला हवा असं मला मनापासून वाटतं. आणखी एक, शिक्षण हा विषय स्कॉटलंड, वेल्स आणि नॉर्दर्न आयर्लंडकडे स्वतंत्र आहे, त्यामुळे 'ब्रिटिश' मूल्यांचा हा आदेश खरं तर फक्त इंग्लंडपुरता आहे.

याच्या आधीचा टप्पा बघितला तर प्रश्न नेहमी बाहेरून आलेल्या माणसाकडे बघूनच विचारला गेलाय. १९६६ मध्ये गृहमंत्री रॉय जेन्किन्स म्हणाले होते की एकात्मता म्हणजे सगळ्यांना एका साच्यात दाबणं नाही, समान संधी हवी, सांस्कृतिक विविधता हवी आणि एकमेकांबद्दल सहिष्णुता हवी. दोनच वर्षांनी केनियातून येणाऱ्या भारतीय वंशाच्या लोकांकडे ब्रिटिश पासपोर्ट असूनही त्यांना अडवणारा कायदा काही दिवसांत पास झाला. १९९० मध्ये हुजूर पक्षाचे नेते नॉर्मन टेबिट यांनी क्रिकेटची कसोटी काढली, की स्थलांतरित कुठल्या टीमला टाळ्या वाजवतात ते बघा. (आपल्याकडच्या घराघरात लॉर्ड्सची मॅच लागली की काय होतं हे मी सांगायला नको.) १९९३ मध्ये पंतप्रधान जॉन मेजर यांनी ब्रिटनचं वर्णन केलं ते क्रिकेटच्या मैदानावरच्या लांब सावल्या, कोमट बिअर, आणि सकाळच्या धुक्यातून सायकलवर चर्चला जाणाऱ्या म्हाताऱ्या बायका असं. सुंदर चित्र आहे पण या सवयी झाल्या, मूल्यं नाहीत, आणि आपण बोलताना या दोन्हींची नेहमी गल्लत करतो. रांगेत उभं राहणं ही सवय, रांगेत मंत्र्यालाही उभं राहावं लागणं हे मूल्य.

मग ७ जुलै २००५, लंडनच्या ट्यूब आणि बसमधले स्फोट, ५२ माणसं गेली. चारपैकी तीन हल्लेखोर ब्रिटनमध्येच जन्मलेले होते आणि हा धक्का त्या देशाला खोलवर बसला. तेव्हाचे पंतप्रधान टोनी ब्लेअर आणि अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांची 'ब्रिटिशपणा'वरची भाषणं २००६ मधली, त्याच्या मागे हीच भीती आहे. ती भीती खोटी होती असं मी अजिबात म्हणत नाही.

आता खुद्द त्या चार शब्दांचा इतिहास. १२१५ चा मॅग्ना कार्टा, म्हणजे राजाच्या सत्तेला मर्यादा घालणारी सनद, सगळे सांगतात, पण ते मुळात उमरावांचं राजाशी भांडण होतं. १६८९ चा सहिष्णुतेचा कायदा झाला त्यात कॅथलिक नव्हतेच, त्यांना संसदेत बसायला १८२९ उजाडलं, ज्यू माणसाला १८५८. बायकांना पुरुषांच्या बरोबरीने मत १९२८ ला. १८३३ मध्ये गुलामगिरी संपवायचा कायदा झाला तेव्हा २ कोटी पौंडांची भरपाई मिळाली ती मालकांना, गुलामांना काहीच नाही, आणि त्यासाठी काढलेलं कर्ज सरकारने पूर्ण फेडलं ते २०१५ मध्ये. म्हणजे ही मूल्यं ब्रिटनमध्ये वरून खाली आलेली नाहीत, ज्यांना बाहेर ठेवलं होतं त्यांनी भांडून दार उघडायला लावलंय, प्रत्येक वेळी.

आणि या भांडणात आपली माणसं आहेत. जोतिराव फुल्यांनी १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे सांगितलं की सरकारची तिजोरी भरते रयतेच्या कष्टाने आणि शिक्षणावरचा पैसा जातो वरच्या वर्गाकडे. इंग्रजी राज्यामुळे शूद्रातिशूद्रांना शाळेचं दार किलकिलं झालं हे त्यांना पक्कं माहीत होतं, म्हणूनच त्यांनी त्याच राज्याकडे हिशोब मागितला. दादाभाई नौरोजींचं तर मला फार अप्रूप वाटतं. मुंबईत जन्मलेले, एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेले दादाभाई. १८८८ मध्ये पंतप्रधान सॉल्सबरी जाहीर भाषणात म्हणाले की ब्रिटिश मतदार काळ्या माणसाला निवडून देतील अशी वेळ अजून आली नाही, आणि १८९२ ला लंडनच्या फिन्सबरीतल्या मतदारांनी दादाभाईंना संसदेत पाठवलं, अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या मतांनी. त्यांनी १९०१ च्या आपल्या पुस्तकाच्या नावातच भारतातल्या राज्याला 'अन-ब्रिटिश' म्हटलं. तुमचं राज्य वाईट आहे असं ते म्हणू शकले असते, पण ते म्हणाले की तुमच्याच शब्दाला हे राज्य जागत नाही.

टिळकांचा अनुभव उलटा. १८९७ च्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी राजद्रोहाच्या कलमातल्या 'डिसअफेक्शन'चा अर्थ लावला 'प्रेमाचा अभाव', म्हणजे सरकारबद्दल प्रेम नसणं हाच गुन्हा. १९०८ मध्ये 'केसरी'तल्या लेखांवरून परत तेच कलम, १२४अ, ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी, निकाल सात विरुद्ध दोन, आणि सहा वर्षं मंडाले. मुंबई हायकोर्टात टिळकांचे तेव्हाचे शब्द आज भिंतीवर कोरलेले आहेत. ब्रिटनने स्वतःकडचा राजद्रोहाचा गुन्हा २००९ च्या कायद्याने रद्द केला. २०११ ची व्याख्या हा काही गुन्हा नाही, दोन्ही एक आहेत असं म्हणणं चुकीचं होईल, पण 'बोलून केलेला विरोध' हे शब्द वाचताना मराठी माणसाला स्ट्रॅची आठवल्याशिवाय राहत नाही.

आपल्याकडे बालभारतीच्या पुस्तकात सुरुवातीलाच उद्देशिका असते, न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता. ब्रिटनला असं एका जागी लिहिलेलं संविधानच नाही, त्यामुळे तिथे मूल्यांची यादी कोण करणार हा प्रश्न कायम लोंबकळत राहतो. बाबासाहेबांनी लंडनला ग्रेज इन या वकिलांच्या संस्थेत कायद्याचा अभ्यास केला, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये डॉक्टरेट केली, पण १९५४ च्या रेडिओवरच्या भाषणात स्वच्छ सांगितलं की स्वातंत्र्य, समता, बंधुता हे मी फ्रेंच क्रांतीकडून उसने घेतले नाहीत, माझे गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतले. एकाच शब्दाला किती घरं असू शकतात बघा.

म्हणून ब्रिटिश मूल्यं आहेत का, याला माझं उत्तर असं की फक्त ब्रिटिशांची अशी ती नाहीत, लोकशाही किंवा सहिष्णुता कोणाच्या सातबाऱ्यावर नसते. पण ब्रिटनने ती स्वतःच्या तोंडाने कबूल केलेली आहेत, आणि कबूल केलेली गोष्ट मागता येते. नौरोजींनी ती मागितली.

लंडनमध्ये फिन्सबरी भागात नौरोजी स्ट्रीट नावाचा छोटा रस्ता आहे. पुढच्या खेपेला भाचीला तिथे घेऊन जाणार आहे, तिच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच उभं राहून द्यायचंय.