प्रेमभंग आणि मोडलेले हाड: मेंदूच्या लेखी दोन्ही सारखेच का?

आपल्याकडील व्हॉट्सॲपच्या गटांतून, विशेषतः सकाळच्या सुविचारांच्या सोबतीने, एक मजकूर अधूनमधून फिरत असतो. माणसाचे शरीर जास्तीत जास्त 45 ‘डेल’ वेदना सहन करू शकते, प्रसूतीच्या वेळी स्त्री 57 डेल वेदना सोसते, आणि प्रेमभंगाची वेदना मेंदूच्या लेखी हाड मोडण्याइतकीच असल्याचे विज्ञानाने सिद्ध केले आहे, असा त्याचा आशय असतो. पहिल्या दोन विधानांचा निकाल एका दमात लावता येतो, कारण ‘डेल’ नावाचे एककच अस्तित्वात नाही. 1940 च्या दशकात अमेरिकेतील हार्डी, वुल्फ आणि गुडेल यांनी कपाळावर दिव्याची उष्णता एकवटून ‘डोल’ नावाचे एकक सुचवले होते खरे, परंतु त्याची मोजपट्टी साडेदहापाशीच संपत होती, आणि पुढे ते एकक मागे पडले. तिसरे विधान मात्र निव्वळ थाप नव्हे. त्यामागे प्रतिष्ठित नियतकालिकांत प्रसिद्ध झालेले प्रयोग आहेत. फक्त त्या प्रयोगांनी जे दाखवले ते आणि संदेशात जे लिहिले आहे ते, यांत बरेच अंतर आहे.

आधी शारीरिक वेदनेचे पाहू. आदोळीवर, म्हणजे विळीवर, इसवण मासा कापताना बोट कापले, तर पहिली कळ तीक्ष्ण आणि नेमक्या जागी उठते व हात आपोआप मागे येतो. ती ओसरते न ओसरते तोच एक मंद, पसरट ठणका सुरू होतो आणि तो बराच वेळ रेंगाळतो. या दोन वेदना दोन प्रकारच्या चेतातंतूंनी आणलेल्या असतात. ए-डेल्टा तंतूंवर मायलिनचे पातळ आवरण असल्यामुळे ते संदेश सेकंदाला साधारण 5 ते 30 मीटर वेगाने नेतात. सी तंतूंवर आवरण नसते आणि त्यांचा वेग सेकंदाला दोन मीटरच्या आतच राहतो. हे संदेश मज्जारज्जूतून वर चढून मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमसपर्यंत पोहोचले, की पुढे त्यांची वाट फुटते. एक शाखा मेंदूच्या संवेदी पट्ट्याकडे जाते आणि कुठे दुखते, किती दुखते, चिरल्यासारखे की भाजल्यासारखे, याचा हिशेब तेथे होतो. दुसरी शाखा इन्सुला आणि अँटिरियर सिंग्युलेट कॉर्टेक्स या आतील भागांकडे जाते, आणि वेदनेतील नकोसेपणा, जीव कासावीस होणे, तेथे घडते. मेलझॅक आणि केसी यांनी 1968 मध्ये वेदनेची अशी फोड मांडली; त्यात त्यांनी विचाराचे तिसरे अंगही जोडले होते, पण आपल्या विषयाला पहिली दोन पुरेशी आहेत.

ही फोड केवळ कागदावरची नाही. 1997 मध्ये रेनव्हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना वेदना होईल इतक्या गरम पाण्यात हात बुडवायला लावले आणि संमोहनाद्वारे त्या वेदनेचा नकोसेपणा कधी वाढवला, कधी कमी केला. पाण्याचे तापमान तेच असताना सिंग्युलेटमधील हालचाल नकोसेपणाबरोबर वरखाली झाली. संवेदी पट्ट्यातील हालचाल मात्र त्याप्रमाणे बदलली नाही. असाध्य वेदनांवरील अखेरचा उपाय म्हणून ज्या रुग्णांच्या सिंग्युलेटचा छोटा भाग शस्त्रक्रियेने निकामी करण्यात आला, त्यांपैकी काही जण दुखणे तर आहे, पण आता त्याचे फारसे काही वाटत नाही, असे सांगत. वेदना आणि तिचा त्रास असे वेगळे होऊ शकतात, हे निरोगी माणसाला पटणे कठीण आहे.

आता 2003 मधील तो गाजलेला प्रयोग. किपलिंग विल्यम्स हे मानसशास्त्रज्ञ एकदा बागेत बसले असता दोन अनोळखी तरुणांची फ्रिजबी त्यांच्याकडे आली. त्यांनी ती परत फेकली, तिघांचा खेळ सुरू झाला, आणि काही वेळाने त्या दोघांनी काहीही न बोलता त्यांच्याकडे फेकणे थांबवले. त्या क्षुल्लक प्रसंगाने आपल्याला किती लागले, याचेच त्यांना नवल वाटले, आणि त्यातून पुढे ‘सायबरबॉल’ नावाचा संगणकावरील चेंडूफेकीचा खेळ तयार झाला. नाओमी आयझेनबर्गर आणि मॅथ्यू लीबरमन यांनी विल्यम्स यांच्यासोबत 13 विद्यार्थ्यांना मेंदूचे काम चित्ररूपात टिपणाऱ्या एफएमआरआय यंत्रात झोपवून हा खेळ खेळायला दिला. समोरचे दोघे खेळाडू म्हणजे केवळ आज्ञावली होती, पण विद्यार्थ्यांना ते ठाऊक नव्हते. चेंडू येणे बंद झाले तेव्हा सिंग्युलेटच्या वरच्या भागातील हालचाल वाढली, आणि ज्यांना अधिक वाईट वाटले त्यांच्यात ती अधिक वाढली. 2011 मध्ये ईथन क्रॉस यांच्या गटाने पुढचे पाऊल टाकले. मागील सहा महिन्यांत मनाविरुद्ध प्रेमसंबंध तुटलेल्या 40 जणांना त्यांच्या पूर्वीच्या जोडीदाराचे छायाचित्र दाखवण्यात आले, आणि वेगळ्या वेळी त्यांच्या हाताला चटका देण्यात आला. या दोन्ही वेळी मेंदूचे काही समान भाग उजळले, आणि त्यांत संवेदी शाखेचेही काही भाग होते. व्हॉट्सॲपवरील विधानाचा उगम येथे आहे.

‘उजळले’ या शब्दापाशी मात्र थोडे थांबावे लागेल, कारण सगळी गोम तेथे आहे, आणि मला या विषयातील सर्वांत देखणा भागही तोच वाटतो. एफएमआरआय चेतापेशींचे विद्युत्‌संदेश मोजत नाही. एखाद्या भागात काम वाढल्यावर तेथे ऑक्सिजनयुक्त रक्ताचा ओघ वाढतो, तो बदल ते टिपते. तोही पेशीगणिक नव्हे, तर साधारण तीन मिलिमीटर बाजूच्या एकेका घनात, ज्याला व्हॉक्सेल म्हणतात. अशा एका घनात काही लाख चेतापेशी असू शकतात. वाड्यावरच्या ट्रान्सफॉर्मरवर भार किती वाढला हे वीज खात्याला कळते, पण त्या भारातून कोणाकडे लग्नाची रोषणाई चालली आहे आणि कोणाकडे विहिरीचा पंप, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. त्यातच सिंग्युलेट हा भाग वेदनेसाठी राखून ठेवलेला नाही. चूक झाली, दोन पर्यायांत गोंधळ उडाला, काही अनपेक्षित घडले, तरी तो कामाला लागतो. त्यामुळे ‘सिंग्युलेट उजळले, म्हणून वेदना झाली’ असे उलट्या दिशेने अनुमान काढणे तर्काला धरून नाही. सांख्यिकीची काळजी घेतली नाही तर या यंत्रातून काय काय निघू शकते, हे 2009 मध्ये क्रेग बेनेट यांच्या गटाने मेलेल्या सामन माशाला यंत्रात ठेवून, त्याला माणसांची छायाचित्रे दाखवून सिद्ध केले होते: हजारो व्हॉक्सेलची तुलना करताना आवश्यक ती दुरुस्ती वगळली, तर त्या मृत मेंदूतही ‘हालचाल’ सापडली. रंगीत ठिपके असलेले मेंदूचे चित्र बातमीत दिसले, की हा मासा आठवावा.

मग दोन वेदना एकच आहेत की नाहीत, हे कसे ठरवायचे? त्यासाठी एखाद्या भागातील एकूण भार न पाहता त्या भागातील शेकडो व्हॉक्सेलचा आकृतिबंध पाहिला जातो. समजा, एका भागात 500 व्हॉक्सेल आहेत. चटका बसला तेव्हाचे वाचन म्हणजे 500 आकड्यांची एक रांग झाली, आणि नुसता उबदार स्पर्श झाला तेव्हाची दुसरी रांग झाली. या दोन प्रकारच्या रांगांत फरक करू शकेल असा प्रत्येक व्हॉक्सेलचा भारांक, धन किंवा ऋण, संगणक शोधून काढतो. पुढे कोणतेही नवे वाचन आले, की त्यातील प्रत्येक आकड्याला त्या त्या भारांकाने गुणून सर्वांची बेरीज करायची. बेरीज मोठी आली तर चटका, लहान आली तर नुसता स्पर्श. ज्यांना अकरावीतील सदिश आठवत असतील त्यांनी हा 500 मितींमधील अदिश गुणाकार आहे हे ओळखले असेल. आता खरी परीक्षा अशी, की चटक्यावर तयार झालेला हा आकृतिबंध पूर्वीच्या जोडीदाराच्या छायाचित्राला लावून पाहायचा. वेदना एकच असेल, तर त्याने जोडीदाराचे आणि मित्राचे छायाचित्र वेगळे ओळखले पाहिजे. 2014 मध्ये चूंग-वान वू आणि टोर वेगर यांच्या गटाने सुमारे 60 जणांवर ही परीक्षा घेतली, आणि विशेष म्हणजे ईथन क्रॉस स्वतः त्या शोधनिबंधाचे सहलेखक होते. चटक्याचा आकृतिबंध चटका ओळखत होता, नकाराचा आकृतिबंध नकार ओळखत होता, पण एकाला दुसऱ्याचे काही कळत नव्हते. एकाच भागात, अगदी सिंग्युलेटमध्येही, हे दोन सदिश जवळपास एकमेकांना काटकोनात होते. जागा तीच असली तरी तेथे चालणारे काम वेगळे होते.

तरीही दोहोंत नाते आहे, आणि ते रसायनांत अधिक ठळक दिसते. याक पँकसेप यांनी 1970 च्या दशकात दाखवले, की आईपासून दूर केल्यावर कुईंकुईं करणारी कुत्र्याची पिल्ले मॉर्फिनच्या अतिशय अल्प मात्रेने, गुंगी न येता, शांत होतात. 2004 मध्ये, ज्यांच्यात म्यू-ओपिऑइड ग्राही, म्हणजे मॉर्फिन पेशींवर जेथे जोडले जाते ती ठिकाणे, नाहीत असे उंदीर जनुकीय बदलाने तयार करण्यात आले, आणि त्यांची पिल्ले आईविना फारशी ओरडत नाहीत असे आढळले. जखमेची वेदना शमवणारी यंत्रणाच उत्क्रांतीने आई-पिलाच्या बंधासाठीही वापरली असावी, हा पँकसेप यांचा तर्क मला एफएमआरआयच्या चित्रांपेक्षा अधिक भक्कम वाटतो. 2010 मध्ये डीवॉल यांच्या गटाने तीन आठवडे रोज पॅरासिटामॉल घेणाऱ्यांना मन दुखावल्याची भावना किंचित कमी जाणवते असे दाखवले, आणि मथळे झळकले. परिणाम अगदी लहान होता. दुःख हलके व्हावे म्हणून कोणी ही गोळी घेऊ नये. ठरलेल्या मात्रेपलीकडे ती यकृताला घातक ठरते, आणि दारूच्या सोबतीने तर अधिकच.

एक नोंद मात्र सर्व प्रयोगांहून विलक्षण आहे. जन्मतःच शारीरिक वेदना न जाणवणाऱ्या 32 वर्षांच्या एका स्त्रीविषयी निकोला डांझिगर आणि झाँ-क्लोद विलेर यांनी 2005 मध्ये लिहिले. जखमा आणि भाजणे यांपैकी कशानेही तिला कधी दुखले नव्हते, पण धाकटा भाऊ अपघातात गेल्यानंतर तिचे डोके दुखले, आणि आयुष्यातील तिची ती एकमेव वेदना होती. एका रुग्णावरून सिद्धान्त उभा राहत नाही, हे खरेच. तरीही संवेदी वाट बंद असताना दुसऱ्या वाटेने काय चालू शकते, याची ही खूण आहे.

दुःखाचा शरीराशी असलेला संबंध दवाखान्यात रोजच दिसतो. आप्ताच्या मृत्यूनंतर अचानक छातीत कळ येऊन हृदयाचा डावा कप्पा टोकाशी फुगल्याची नोंद 1990 मध्ये जपानमध्ये ‘टाकोत्सुबो’ या नावाने झाली. ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांच्या लोंढ्याने हृदयाचा स्नायू तात्पुरता बधिर झाल्यासारखा होतो, आणि रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत हे अधिक आढळते. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात, परंतु हा प्रकार हृदयविकाराच्या झटक्यापासून घरबसल्या वेगळा ओळखता येत नाही. अशा वेळी ‘दुःखाने छाती भरून आली आहे’ म्हणून वाट पाहणे, किंवा बाधा झाली असे समजून दृष्ट काढून घाड्याकडे नेणे, यात मोलाचा वेळ जातो. 108 ला फोन करणे हेच पहिले काम.

याहून कितीतरी अधिक रुग्ण अंगदुखी आणि थकवा घेऊन येतात. गोव्यातील स्त्रियांवर मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या ‘संगाथ’ संस्थेच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासांत दीर्घकाळच्या थकव्याचा नैराश्य आणि चिंतेशी जवळचा संबंध दिसला. त्यांनी गोव्यातील 24 दवाखान्यांत, निम्मे सरकारी आणि निम्मे खासगी, स्थानिक तरुणींना थोड्या अवधीचे प्रशिक्षण देऊन समुपदेशक म्हणून नेमले. 2010 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्या चाचणीचा निकाल असा, की सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्यांपैकी सुमारे 66 टक्के बरे झाले होते, आणि न मिळालेल्यांपैकी सुमारे 42 टक्के. खासगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही. तेथे रुग्णाला ओळखणारे आणि वेळ देणारे डॉक्टर आधीपासूनच असतात, हे त्याचे एक कारण असू शकते.