विश्रांतीतील ऑक्सिजन-वापर (श्वसनविकारात)

माणूस स्वस्थ पडून असताना त्याचे शरीर दर मिनिटाला जेवढा ऑक्सिजन खर्च करते, ते मान. निरोगी प्रौढात ते साधारण २५० मिलि. असते. हृदय मिनिटाला किती रक्त फेकते हे फिकच्या तत्त्वाने (१८७० : ऑक्सिजन-वापर भागिले धमनीतल्या व शिरांतून परतलेल्या रक्तातील ऑक्सिजनाचा फरक) काढताना हाच आकडा अंशस्थानी येतो; तो चुकला की पुढचे सगळे चुकते.

कॅथ लॅबमध्ये (हृदयात नळी घालून तपासणी करतात ती खोली) तो बहुधा मोजत नाहीत, गृहीत धरतात : दर किलो वजनाला ३.५ मिलि. किंवा शरीरपृष्ठाच्या दर चौ. मीटरला १२५ मिलि. लाफार्ज व मिएटिनेन यांचे सूत्र (१९७०) वय, लिंग आणि नाडीचे ठोके धरते. पण ते ३ ते ४० वयाच्या रुग्णांवर बेतलेले आहे, आणि सीओपीडीचा (श्वासमार्ग कायमचे अरुंद होण्याच्या दीर्घकालीन विकाराचा) रुग्ण बहुधा त्याहून बराच मोठा. शिवाय सहज श्वास घेणाऱ्याचे श्वसनस्नायू एकूण ऑक्सिजनाचे दोन-तीन टक्केच खातात, धाप लागलेल्याचे त्याच्या कित्येक पट. ताप आणि सॅल्ब्युटामॉल या श्वासमार्ग रुंदावणाऱ्या औषधाचे नेब्युलायझेशन (वाफाऱ्यासारखे देणे) आणखी भर घालतात.

समजा, रुग्ण ६० किलो, १६० सेंमी. पृष्ठ १.६३ चौ. मी., गृहीत वापर २०४ मिलि. हिमोग्लोबिन १२ (ग्रॅम दर १०० मिलि. रक्तात), धमनीतील संपृक्तता (ऑक्सिजनाने भरलेल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण) ९० टक्के, फुप्फुसधमनीतील, म्हणजे शिरांतून परतलेल्या रक्ताची, ६५. म्हणजे हिमोग्लोबिनच्या दर ग्रॅमला १.३६ मिलि. ऑक्सिजन धरून रक्ताच्या लिटरमागे फरक ४०.८ मिलि. आणि हृदयोत्सर्ग (हृदयाने मिनिटाला फेकलेले रक्त) ५ लि. खरा वापर २६० असेल, तर उत्सर्ग ६.४ लि. भरतो. फुप्फुसातील रक्तप्रवाहाच्या दोन टोकांतला दाबफरक २० मिमी. (पारा) असेल तर फुप्फुसी रोध (दाबफरक भागिले उत्सर्ग) ४ वुड एककांवरून ३.१ वर येतो.

मोजायचेच तर मेटाबॉलिक कार्ट (श्वासातले वायू व त्यांचा प्रवाह मोजणारे यंत्र) हवी. यंत्र अर्धा तास तापवून वायू व प्रवाह दोन्हींचे कॅलिब्रेशन करावे. रुग्ण उपाशी, वीस-तीस मिनिटे पडून असावा. मास्कपेक्षा डोक्यावर ठेवायचा पारदर्शक हुड बरा. घट्ट मास्कने धापेचा रुग्ण घाबरतो आणि जोरजोरात श्वास घेऊ लागतो. पहिली पाच मिनिटे टाकून द्यावीत; पुढच्या सलग पाच मिनिटांत चढउतार १० टक्क्यांच्या आत हवा. श्वसनगुणोत्तर (बाहेर टाकलेला कार्बन डायऑक्साइड भागिले घेतलेला ऑक्सिजन) ०.६७ ते १.३ च्या बाहेर गेले तर आधी गळती शोधावी : श्वासनलिकेतल्या नळीचा फुगा, छातीतली निचरा-नळी.

नाकातल्या नळीने ऑक्सिजन चालू असेल तर मोजणी व्यर्थ, कारण आत गेलेल्या हवेत तो किती होता हेच कळत नाही. व्हेंटिलेटरवर ते प्रमाण ठाऊक असते, तरी ६० टक्क्यांच्या पुढे भरवसा संपतो. मिनिटाला १० लि. श्वसन आणि ६० टक्के ऑक्सिजन असताना आतल्या वायूचे वाचन अवघ्या एका टक्क्याने, ६० ऐवजी ६१ असे, चुकले तर उत्तरात सुमारे २५० मिलि.ची चूक येते, म्हणजे मोजायचे होते तेवढीच. १०० टक्क्यांवर तर नायट्रोजनच उरत नाही आणि नायट्रोजनावरून आत गेलेल्या हवेचे आकारमान काढणाऱ्या हॉल्डेन समीकरणाचा छेद शून्य होतो.