पुकियो

दक्षिण पेरूच्या किनारी वाळवंटातील, नाझ्का खोऱ्यातले भूजलावर चालणारे प्राचीन पाट. केचुआ भाषेत ‘पुक्यू’ म्हणजे झरा; पुकियो हे त्याचे स्पॅनिश वळण. तीसहून अधिक पुकियो आजही वाहते असून त्यांच्या पाण्यावर शेती होते.

नाझ्काच्या आसपास पाऊस जवळजवळ पडतच नाही. नद्यांना पाणी येते ते अँडीजमधल्या पावसाचे, वर्षातले थोडेच महिने. खोऱ्याच्या मधल्या टप्प्यात तेही वाळू-गोट्यांत जिरते. पात्र कोरडे, पण खाली पाझर चालूच. पुकियो खणणाऱ्यांनी हा पाझर वरच्या अंगाला गाठला आणि तिथून जमिनीपेक्षा कमी उताराचा चर खाली काढला. जमीन भराभर उतरते, चर सावकाश. त्यामुळे काही अंतरावर पाणी न उपसताच उघड्यावर येते. ते ‘कोचा’ या तळ्यात साठवून शेताला सोडतात. तत्त्व औरंगाबादच्या नहर-ए-अंबरी या जुन्या भूमिगत पाटाहून फार वेगळे नाही.

उघड्या चराच्या बाजू नदीतल्या गोट्यांनी, चुन्याशिवाय रचलेल्या असतात. बंद भागात दगडी फरश्या किंवा वारांगो या काटेरी झाडाचे ओंडके आडवे टाकून वर माती लोटलेली असते. या भागावर मधूनमधून ‘ओहोस’, म्हणजे डोळे, ठेवलेले आहेत: वरून खाली पाण्यापर्यंत उतरणारी विवरे. कांतायोक या ठिकाणचे डोळे सर्वांत देखणे: शंखासारखी वळत जाणारी वाट, कडेला गोट्यांचे थर, आणि तळाशी वाकले की एका झरोक्यातून अंधारात सरकणारे पाणी. हे डोळे वारा आत खेचून पाणी पुढे ढकलतात, असा दावा २०१६ मध्ये गाजला. पाणी वाहायला उतार पुरेसा आहे. डोळ्यांचा रोजचा उपयोग माणसाला गाळ काढायला आत उतरता यावे हाच.

काळाबाबत वाद आहे. संशोधक कॅथरिना श्रायबर व होसुए लांचो रोहास यांनी जवळच्या वसाहतींच्या आधारे पुकियो इ. स. ५०० च्या सुमाराचे, म्हणजे नाझ्का संस्कृतीचे, ठरवले. मोनिका बार्न्स व डेव्हिड फ्लेमिंग यांनी १९९१ मध्ये ते स्पॅनिश राजवटीतले असल्याचे मांडले. पहिले मत आज अधिक मान्य आहे. पण ज्या साफसफाईने हे पाट जिवंत राहिले, तिनेच जुने पुरावेही उपसून टाकले: भिंती पुन्हा रचल्या गेल्या, ओंडके बदलले गेले, आणि काही ठिकाणी आता सिमेंटही दिसते.